लाखोरी, ग्लुटामेट आणि वहिनीचे पाय

चुलतभावाच्या साक्षगंधाला पंगत बसली होती. अंगणात मांडव, कोपऱ्यात विटांची चूल, तिच्यावर मोठी कढई, आणि कढईत लाखोरीच्या डाळीचे वडे. रात्रभर भिजवून जाडसर वाटलेली डाळ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर. पवनीकडच्या आमच्या भागात या वड्यांशिवाय कार्य पार पडल्यासारखं वाटत नाही. वहिनीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून समोर स्टुलावर पत्रावळ मांडली होती, कारण खाली मांडी घातली की तिला उठता येत नाही. वाढणाऱ्या पोरानं तिच्या पानात दोन वडे टाकले आणि तो पुढे सरकला. शेजारी बसलेल्या आत्यानं हात लांबवून ते उचलले, आपल्या पानात घेतले. "तिले लाखोरी नोको वाढू रे बाबू," ती पोराला म्हणाली. "पाय गेले तिचे. अजून काय जायचं रायलं?" बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती. पण आत्याचा आवाज शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर पोचणारा. समोरच्या ओळीतल्या साऱ्या बाया वहिनीच्या पायांकडे पाहू लागल्या. वहिनीनं लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत ओढला आणि खाली मान घालून वरणभात कालवत राहिली.

वहिनीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते तो आजार. तो लाखोरीनं होत नाही. आमच्या घरात हे आता लहान पोरांनाही ठाऊक आहे. आत्याला मात्र ते कधी पटलं नाही, आणि त्या रात्री माझ्या डोक्यातून तिचं वाक्य जाईना. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. वहिनीचं निदान झाल्यापासून या आजाराबद्दल हाती लागेल ते वाचत आले आहे. त्या वाचनात एक नाव पुन्हा पुन्हा भेटतं, ग्लुटामेट, मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन. आणि लाखोरीबद्दल वाचायला गेलं तरी तेच नाव भेटतं. आत्यानं बोट दाखवलं ते चुकीच्या पानाकडे, पण ज्या दिशेला दाखवलं तिकडे खरंच काहीतरी आहे, हे मला अस्वस्थ करत होतं.

आत्याचा लाखोरीवरचा राग तिच्या मामापासूनचा आहे. तिच्या लहानपणी पाऊस दगा देऊन गेला, धान बांधीतच वाळलं, आणि घरात उरली ती लाखोरी. हे पीक असं की धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत बी फेकून द्यायचं, मग ना नांगर, ना खत, ना पाणी. उभ्या धानाच्या बुडाशी ते उगवतं, धान कापून नेलं की निळ्या फुलांनी सारं शेत भरतं. याला आमच्याकडे उतेरा म्हणतात. सगळी पिकं मरतात तेव्हा लाखोरी जगते, म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तिच्याशिवाय दुसरं काही नसतं. सकाळी लाखोरीच्या घुगऱ्या, संध्याकाळी लाखोरीच्या पिठाची भाकर, असं महिनोन् महिने चाललं. एके दिवशी मामा नदीवरून आला तो पोटऱ्या आखडल्या म्हणत. पुढं टाचा टेकेनात. चवड्यांवर, गुडघे वाकवून, एक पाय दुसऱ्यात अडकवत तो चालू लागला. मग एक काठी आली, मग दोन. आत्या म्हणते की गावात असे बरेच होते, बहुतेक तरणेताठे गडी, आणि कुणालाच त्याचं नवल वाटत नसे. हात शाबूत, डोकं शाबूत, फक्त कमरेखालचं शरीर लाकडासारखं. मामा पुढं म्हातारा होईपर्यंत जगला, पण पाय होते तिथेच राहिले. आणखी बिघडले नाहीत, सुधारले तर मुळीच नाहीत.

हा लॅथिरिझम. आमच्या भंडारा-गोंदियापासून छत्तीसगड, रेवा, बिहारपर्यंत मजुरांच्या कितीतरी पिढ्यांनी तो पाहिला आहे, कारण कित्येक ठिकाणी मजुरी म्हणून लाखोरीच मोजून दिली जायची. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, तरी पेरणारे पेरत राहिले. १९६० च्या दशकातच भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. आज त्याला ओडॅप म्हणतात. त्याचा रेणू ग्लुटामेटशी इतका जुळतो की चेतापेशी फसते. तिच्या पृष्ठभागावर ग्लुटामेटसाठी ग्राही, म्हणजे ते झेलणाऱ्या जागा, असतात, एएमपीए नावाचे, त्यांवर ओडॅप जाऊन बसतो आणि पेशीला सतत उद्दीपित करत राहतो. अशी अविश्रांत चेतवलेली पेशी शेवटी मरते. पायांना हुकूम देणाऱ्या पेशी यात आधी जातात. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की ओडॅपचा बराच भाग निघून जातो. रतन, प्रतीक, महातिवडा अशा त्याचं प्रमाण कमी असलेल्या जातीही आता आल्या आहेत. आणि कार्याच्या पंगतीत चार वडे खाल्ल्यानं कुणाचे पाय जात नाहीत. पाय जातात ते दुसरं काही खायला नसल्यानं महिनोन् महिने हीच डाळ पोटात गेली तर. आत्याच्या मामाचे पाय डाळीनं नेले म्हणण्यापेक्षा उपासमारीनं नेले म्हणावं, असं मला वाटतं.

वहिनीचं असं काही झालं नव्हतं. ती खात्यापित्या घरची.

तिचा आजार उघड झाला तो पहिल्या बाळंतपणात. चैत्रातलं बाळंतपण, माहेरी. आमच्याकडे बाळंतिणीला शेक देतात. बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी, वर ओवा-शेपूची धुरी, दार-खिडकी बंद, अंगावर घोंगडी. बाहेर ऊन तापलेलं आणि आत हे. शेक घेऊन उठली की वहिनीला उजव्या डोळ्यानं धुरकट दिसायचं. ती आईला म्हणायची की करंड्यातलं कुंकू या डोळ्यानं मळकट, विटकरी दिसतं आणि त्या डोळ्यानं लाल. डोळा फिरवला की आत दुखायचं. पायांत मुंग्या, आणि मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून विजेची चमक. मग घाम सुकला, अंग थंड झालं की पुष्कळसं पूर्ववत. या जाण्या-येण्यानंच घात केला. खरा आजार असता तर आला तसा राहिला असता, असं सगळ्यांचं म्हणणं. कुणी धुराचा त्रास म्हणालं, कुणी रक्त कमी झालं म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणून लिंबू उतरवलं. शेक मात्र वाढवला, कारण बाळंतिणीच्या अंगात वारं भरलं की शेकच द्यायचा असतो. एका दवाखान्यात सायटिका म्हणून इंजेक्शनं झाली, दुसऱ्यात ताकदीच्या गोळ्या. बाळ रांगायला लागलं तेव्हा वहिनी भिंतीला धरून चालत होती. नागपूरला एमआरआय झाला तेव्हा मेंदूत आणि मानेच्या मज्जारज्जूत पांढरे डाग दिसले, काही जुने, काही ताजे.

त्या शेकाचा मला आता फार त्रास होतो. ज्यांनी तो दिला त्यांनी मायेनं दिला. वहिनीची आई रात्ररात्र जागून शेगडी फुलवत होती. पण मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये अंग तापणं म्हणजे काय, हे विल्हेल्म उटहॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० सालीच लिहून ठेवलं होतं. त्याचे रुग्ण श्रमानं तापले की त्यांची नजर मंदावायची, विसावले की परत यायची. चेतातंतूवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टन असतं आणि त्याच्यामुळे संदेश झपाट्यानं धावतो. ते वेष्टन उडालेल्या जागी संदेश कसाबसा पार होत असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं चढलं तरी तोही अडतो. एमआरआय नव्हते त्या काळात डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत आणि त्यावरून निदान करत. वहिनीच्या माहेरी ती परीक्षा रोज सकाळ-संध्याकाळ होत होती, फक्त उत्तर वाचणारं तिथे कुणी नव्हतं. बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने तसेही या आजारात धोक्याचे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो बराच शांत असतो आणि मूल झालं की उसळी घेतो. जगभरात सुमारे २९ लाख लोकांना तो आहे, पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं, आणि बहुतेकींना विशी ते चाळिशीत. म्हणजे नेमकी मुलं-बाळं होण्याची वर्षं. बाळंतिणीची नजर गेली, पाय बधिरले की त्याचं कारण वारं नसू शकतं, एवढं जरी आमच्या गावोगावच्या आशाताईंना कुणी सांगितलं तरी एखादीची दोन वर्षं वाचतील.

आता ग्लुटामेटकडे येते.

कार्ल हाइन्रिश रिटहाउझेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८६६ मध्ये गव्हाच्या ग्लुटेनमधून ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं. पुढं १९०८ मध्ये तोक्योच्या किकुनाए इकेदांनी समुद्री शेवाळाच्या कढणातली खास चव याच पदार्थाची आहे हे दाखवलं, आणि त्याचं मीठ अजिनोमोटो या नावानं दुकानात आलं. पिकलेल्या टमाट्यात ते आहे, डाळीच्या प्रथिनात आहे. आईच्या दुधात जी सुटी अमिनो आम्लं असतात त्यांत सर्वांत जास्त हेच. मेंदूतल्या पेशींना एकमेकींशी बोलायला जी रसायनं लागतात, त्यांतलं 'ऊठ, चल' असं सांगणारं मुख्य रसायनही हेच. वहिनीनं लेकीचा चेहरा ओळखला तो ग्लुटामेटमुळे. उंबरठा ओलांडायला पाय उचलला तोही त्याच्यामुळेच. चेतापेशीच्या आत त्याचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असतं. संदेश द्यायचा तेव्हा चिमूटभर बाहेर सोडलं जातं आणि काम होताच क्षणार्धात शेजारच्या ताराकार पेशी ते शोषून घेतात. आत त्याचं ग्लुटामाइन करतात आणि पुन्हा चेतापेशीला परत करतात. हा फेरा आपण जागे असताना, झोपेत असताना, अखंड चालू असतो. त्यात उचलण्याचं काम सोडण्याच्या कामाइतकंच मोलाचं. वैनगंगेला पूर आला की पाणी बांधीत शिरतं, त्यानं धान मरत नाही. ते उतरायला जागा मिळाली नाही आणि आठवडा आठवडा तुंबून राहिलं की ज्या पाण्यावर धान वाढतं त्याच पाण्यात ते सडतं. ग्लुटामेटचं तसंच आहे.

ते साचलं तर काय होतं, हे आधी डोळ्यात दिसलं. १९५७ मध्ये लुकास आणि न्यूहाउस या दोघांनी नवजात उंदरांना ग्लुटामेट टोचलं, आणि त्यांच्या दृष्टिपटलाचे आतले थर नष्ट झालेले आढळले. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी तसंच नुकसान मेंदूत दाखवलं. अती उद्दीपनानं पेशी मरते, या कल्पनेला त्यांच्यामुळे नाव मिळालं. पेशीत कॅल्शियम बेसुमार शिरतं, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रिया कोलमडतात, आतली विकरं पेशीच्याच प्रथिनांचे तुकडे पाडू लागतात. ही सारी चर्चा बरीच वर्षं चेतापेशींपुरती होती. मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी वेगळ्या. त्या संदेश देत नाहीत, घेत नाहीत, तंतूंना वेष्टन घालत बसतात. पण त्यांच्याही अंगावर ग्लुटामेटचे ग्राही आहेत, तेच एएमपीए जातीचे, ज्यांच्यावर लाखोरीचा ओडॅप जाऊन बसतो. ग्लुटामेट साचलं तर या पेशी लवकर दगावतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी मेंदूत शिरून मायलिनवर हल्ला करतात, एवढं कोणतंही पत्रक सांगतं. पण हल्ला करणाऱ्या या पेशी आणि मायक्रोग्लिया नावाच्या मेंदूतल्याच चवताळलेल्या पहारेकरी पेशी स्वतः ग्लुटामेट बाहेर टाकतात, आणि दाह असलेल्या जागी ते उचलून नेण्याची यंत्रणा लंगडी पडते. जानेवारी २००० मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच नियतकालिकात प्राण्यांवरचे प्रयोग छापले. मल्टिपल स्क्लेरोसिससारखा आजार जडवलेल्या प्राण्यांना एएमपीए ग्राही अडवणारं औषध दिलं, तर त्यांचे पाय कमी लुळे पडले. त्यातल्या एका निबंधातली एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. दाह जितका होता तितकाच होता, हल्ला थांबला नव्हता. तरीही मायलिन बनवणाऱ्या पेशी जास्त जगल्या. म्हणजे शत्रू घरात असतानाही घर वाचवता येतं, निदान काही अंशी. पुढं २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी जिवंत रुग्णांच्या मेंदूतलं ग्लुटामेट एमआरआयच्या एका खास तंत्रानं मोजलं. ताज्या डागांत ते वाढलेलं होतं, आणि वरकरणी निरोगी दिसणाऱ्या पांढऱ्या भागातही वाढलेलं होतं. हे वाचलं त्या दिवशी मी वहिनीच्या जुन्या फिल्मा पुन्हा काढून खिडकीच्या उजेडात धरल्या. डाग नव्हते त्या जागांकडेच पाहत राहिले.

मग औषध का नाही, असा प्रश्न वहिनीनंच मला विचारला. ती बारावीपर्यंत शिकलेली, आणि तिला पोकळ धीर दिलेला चालत नाही. उत्तर सोपं आहे आणि कडू आहे. जे रसायन अडवायचं त्याच्यावरच आपलं पाहणं, चालणं, आठवणं उभं आहे. ते सरसकट अडवलं तर माणूस गुंगीत जाईल. थोडं अडवलं तर पुरेल का, हे बघायला ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली. आजार हळूहळू वाढत चाललेल्या ४४५ रुग्णांना तीन वेगवेगळी औषधं किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली. त्यांतलं रिलुझोल हे ग्लुटामेटचा स्राव कमी करणारं, दुसऱ्या एका मज्जाविकारात आधीपासून वापरात असलेलं. ९६ आठवडे औषधं चालली. २०२० मध्ये निकाल आला. तिन्हींपैकी एकानंही मेंदूचं आकुंचन रोखलं नाही. वहिनीनं शांतपणे ऐकलं. "म्हणजे त्यायनं खरं सांगतलं," ती म्हणाली. "नाई जमलं त नाई जमलं म्हणून सांगतलं. आपल्याले त कोणी असं सांगतच नाई."

तिचं म्हणणं मला अगदी पटलं. या आजाराच्या नावानं किती लोकांनी आम्हाला किती खात्रीनं काय काय विकलं आहे.

फुकटचे सल्ले तर विचारायलाच नको. ग्लुटामेट हा शब्द माझ्याकडून भाच्याच्या कानावर पडला आणि त्यानं मोबाईलवर शोधून घरात जाहीर केलं की चायनीजच्या गाडीवरच्या त्या पांढऱ्या पावडरीनंच मामीचे पाय गेले. मामीनं उभ्या आयुष्यात तालुक्याच्या बसस्टँडवर क्वचितच कधी मंचुरियन खाल्लं असेल. मग टमाटे बंद करा, गहू बंद करा, डाळ बंद करा. मी त्याला समोर बसवून समजावलं. खाल्लेलं ग्लुटामेट बहुतेक सारं आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. रक्तात थोडं पोचतं, आणि रक्त व मेंदू यांच्यामधला पडदा त्याला सहजी आत सोडत नाही. ओल्नींनी उंदरांना दिलं होतं ते टोचून, मोठ्या मात्रेत, आणि नुकत्या जन्मलेल्या पिलांना. वहिनीच्या मेंदूत साचतं ते तिथेच सुटलेलं असतं, तिच्याच पेशींनी सोडलेलं. ताटातून टमाटा काढून ते कमी होणार नाही. मात्र दुखणं पायात आणि पहारा तोंडावर, ही आपल्याकडची रीत फार जुनी आहे. आजारी बाईच्या ताटातून एकेक पदार्थ काढून घेतला की घरच्यांना आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं. तिच्या वाट्याला मग फिकं वरण आणि उपदेश उरतात. मला याची चीड येते, आणि ती लपवावीशीही वाटत नाही.

उन्हाळा हा आमच्यासाठी खरा शत्रू. पारा पंचेचाळिशीला टेकला की घराच्या भिंतीच रात्रभर तापलेल्या राहतात. नवतपा लागला की वहिनीचा दिवस सकाळी नऊला संपतो. पहाटे उठून ती सडा टाकते, कणीक मळते, लेकीची वेणी घालते. नऊनंतर डावा पाय फरफटू लागतो, बोलताना जीभ जड होते, आणि ती कूलरसमोर ओला दुपट्टा मानेवर टाकून आडवी होते. लाईन गेली की दादा हातपंप्यावरून पाण्याच्या बादल्या आणून खिडकीच्या खसावर मारत बसतो. शेजारच्या बायांना दिसते ती पहाटेची वहिनी आणि दुपारची वहिनी. मधला आजार दिसत नाही. "सकाळी त बरी होती वो, कामाच्या वक्ताले बरी पडते." हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. रोवणीच्या दिवसांत जिच्या ओळीला कुणी मागं टाकू शकत नव्हतं, त्या बाईनं. दिव्यांग प्रमाणपत्राच्या वेळीही तेच. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. पण तपासणीच्या टेबलापुढे ती डिसेंबरच्या सकाळी उभी राहिली तेव्हा आठ पावलं सरळ चालली, आणि समोरच्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आम्हाला वाचता आलं. मे महिन्यात दुपारी बोलवा, असं दादा म्हणाला. त्याचा आवाज तेव्हा कापत होता.

दिवाळीनंतर मी आत्याकडे मुक्कामाला गेले होते. ओसरीत बसून ती जवस निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, माझ्या भाषेत नाही, तिच्या भाषेत. मामाच्या पोटात डाळीतून एक पदार्थ गेला, तो मेंदूतल्या एका पदार्थाची हुबेहूब नक्कल करणारा. वहिनीच्या मेंदूत तोच मूळ पदार्थ तिच्या स्वतःच्या शरीरानं जास्त सोडला आणि उचलला नाही. दोघांच्या पेशी बऱ्याच अंशी एकाच तऱ्हेनं गेल्या. मामाचं दुखणं एकदा येऊन थांबलं, कारण डाळ थांबली. वहिनीचं थांबत नाही, कारण जे आत आहे ते थांबवता येत नाही. सूप हातातच धरून ती बराच वेळ गप्प होती. "म्हणजे मामाच्या पोटातून गेलं आन् हिच्या आतूनच निघालं. असंच ना?" मी हो म्हटलं. "मंग शिव्या कोणाले द्याव?" तिनं विचारलं. मामाच्या वेळी तिला शिव्या द्यायला डाळ तरी होती. मामाच्या आईनं म्हणे त्या वर्षी उरलेली सारी लाखोरी गुरांपुढे ओतली होती आणि नंतर जन्मभर घरात शिजू दिली नव्हती. त्यात तिचं दुःख कुठंतरी टेकलं असेल. वहिनीच्या बाबतीत आत्याला तशी एखादी गोष्ट हवी होती, हाताने उचलून बाजूला ठेवता येईल अशी. हे कळल्यावर माझा तिच्यावरचा राग बराच ओसरला, सगळा नाही. त्या पंगतीतल्या नजरा वहिनीनं झेलल्या होत्या, मी नाही. तेव्हा माफ करायचं की नाही ते तिनं ठरवायचं.

तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. सध्या तिला दर सहा महिन्यांनी नागपूरला सलाईनमधून औषध देतात. प्रतिकारशक्तीच्या एका जातीच्या पेशी त्यानं कमी होतात, नवे हल्ले जवळपास थांबले आहेत, नवा डाग गेल्या एमआरआयमध्ये दिसला नाही. जुन्या डागांत आणि त्यांच्या आजूबाजूला जे हळूहळू झिजत असतं, त्याच्यावर या औषधाचा जोर कमी चालतो. वहिनीला हा फरक नीट कळलेला आहे. एका वहीच्या शेवटच्या पानावर ती डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवते. मागच्या खेपेला तिनं विचारलं की गेलेलं वेष्टन परत येतं का. थोडं येतं, डॉक्टर म्हणाले, मेंदूत राखीव पेशी असतात, त्या नवं मायलिन घालू शकतात, वय वाढेल तसं ते कमी होत जातं, आणि ते वाढवणारी औषधं शोधायचं काम चालू आहे. तिनं तिथेच उत्तर लिहून घेतलं. पुढची तारीख पोळ्याच्या आधीची आहे. श्रावणातलं दमट ऊन चढायच्या आत पोचावं म्हणून पहाटे चारला निघायचं ठरलं आहे, शेजारच्यांची गाडी सांगून ठेवली आहे. या खेपेच्या पानावर पहिला प्रश्न माझ्याकडून लिहून घेतलेला आहे, ग्लुटामेट उचलणाऱ्या पेशींना बळ देणारं काही निघालं आहे का. दुसरा तिचा स्वतःचा आहे. लेकीला हा आजार होण्याचा धोका किती. मला त्याचं उत्तर माहीत आहे, शंभरात दोन-तीन. तिलाही मी ते सांगितलं आहे. पण तिला ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचं आहे, आणि त्या वेळी लेक खोलीबाहेर असावी म्हणून तिला घेऊन मी गाडीतच थांबणार आहे.